जित्त्याचं सुतक

पानमळ्यात शिरताना पायातल्या वाहणा कुडाबाहेर काढायच्या, हे त्या गावात रांगत्या पोरालाही शिकवावं लागत नसे. हिवरखेडापासून दोन कोसांवरचं गाव. तीन बाजूंनी कपाशीची काळी वावरं आणि नाल्याच्या अंगाला पानमळ्यांचा हिरवा पट्टा. कपाशीत कोणीही कसाही शिरावा, शेंबूड शिंकरावा, विडी ओढावी. नागवेलीचं तसं नव्हतं. तिचा मान पाटलाहून मोठा. पाटलासमोर माणूस एक वेळ खाकरून जाईल, वेलीसमोर थुंकणार नाही. विटाळशी बाई आत जात नसे. घरात कोणी वारलं तर तेरावं होईपर्यंत त्या घरचे पुरुष कुडाबाहेर उभे राहून शेजाऱ्यांच्या हातून आपल्या वेलीला पाणी पाजून घेत. वेलीला सुतक सोसत नाही, चार दिवसांत पान पिवळं पडतं, अशी सगळ्यांची खात्री होती. कोणी पडताळून पाहिलं होतं म्हणाल, तर नाही. पडताळायला आत जावं लागलं असतं.

अशाच एका मळ्यात सूर्यभान आणि गोवर्धन हे दोघे भाऊ राबत. गोवर्धन थोरला, आवाजाने मोठा, मनाने बरा. विहिरीवर मोट हाकणं आणि पानांच्या टोपल्या घेऊन तेल्हाऱ्याच्या बाजाराला जाणं हे त्याचं काम. कुडाच्या आतलं सगळं सूर्यभानाकडे. शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या वेली लव्हाळ्याने बांधायच्या, अंगठ्यात लोखंडी नखी घालून पानं खुडायची, पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं. वेल बांधावी तर सूर्यभानानेच, असं गाव म्हणायचं. गाठ घट्ट बसायची आणि देठाला कळायचंही नाही.

हे दोन वर्षांमागचं. पुढे काय झालं ते कोणाला सांगता आलं नसतं, कारण काही झालंच नव्हतं. घरात कोणी मेलं नाही, बैल दगावला नाही, बायकोशी भांडण नाही. जमुना चांगली होती, चार वर्षांची शकुन गुटगुटीत होती, विहिरीला पाणी होतं. काहीतरी घडलं असतं तर त्याच्याकडे बोट दाखवून रडता आलं असतं. सूर्यभानाकडे तेवढंही नव्हतं. एका दिवाळीच्या पाडव्याला तो सकाळी उठला आणि त्याला वाटलं, कशाला उठलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो उठला, तोंड धुतलं, मळ्यात गेला, नखी अंगठ्यात घातली आणि एका वेलीसमोर उन्हं डोक्यावर येईतो उभा राहिला.

तेव्हापासून असंच चाललं होतं. हात उचलायचा तर आधी हाताला विनवावं लागे. भाकरी तोंडात घोळत राही, गिळायचं भान नसे. रडू येईल म्हणावं तर तेही येत नसे. खुडलेली पानं निम्म्याने उतरली. घरात कोणी विचारलं की तो म्हणे, पाठ धरली. पाठीला मनकर्णाबाईने, म्हणजे त्याच्या आईने, निरगुडीचा शेक दिला, बिब्बा घातला, वर मारुतीला तेल वाहिलं. पाठ बिचारी उगीच भाजली गेली.

वैशाखात सगळं उघडं पडलं. त्या वर्षी ऊन असं की दुपारी चिमण्या विहिरीच्या कपारीत जाऊन बसत. वेलीला एक दिवसाआड पाणी लागे. गोवर्धन सकाळपासून मोट हाकत होता, बैलांच्या तोंडाला फेस आला होता, आणि आत सूर्यभान पाणी वळवायला बसला होता. पहिल्या सरीत पाणी सोडून तो खोऱ्यावर हात ठेवून टेकला तो टेकलाच. पाणी सरी भरून वाहू लागलं, त्याच्या पायाच्या घोट्यापर्यंत आलं. त्याला दिसत होतं. उठून चार खोरी माती ओढायची होती, एवढंच काम. ते एवढंच काम त्याच्याने होईना. दुपारी गोवर्धन आत आला तेव्हा पहिली सरी तळ्यासारखी भरली होती आणि बाकीच्या सात सऱ्यांना भेगा पडल्या होत्या.

पंधरवड्यात त्या सरीतल्या वेली मुळातून कुजल्या. आजोबांच्या हाताने लावलेल्या वेली त्या. गोवर्धन कुजकी मुळं हातात घेऊन घरभर फिरला, आईला दाखवली, बायकोला दाखवली, भावापुढे टाकली. मग त्याच्या डोक्यात हिशेब जुळला. पानं कमी येतात, भाऊ दिवसभर आत असतो, विचारलं तर पाठ पुढे करतो. पानं बाहेर जात असणार. घरातली चोरी घरात मिटत नाही म्हणून त्याने मळेवाल्यांची बैठक बोलावली.

बैठक नाल्याकाठच्या लिंबाखाली बसली. मधोमध महादेवराव. सत्तरीचा म्हातारा, सगळ्या मळ्यांत त्याचा मळा जुना आणि त्याचा शब्द शेवटचा. गोवर्धनाने सगळं मांडलं. भावाला चोर म्हणणं त्याला जड जात होतं. महादेवरावाने सूर्यभानाला सांगितलं की चोरी केली असेल तर कबूल कर, नारळ दे, वेलीच्या पाया पड, विषय संपेल. आजवर असे विषय संपलेले होते. समोर बसलेल्यांत निदान तिघांनी तरुणपणी तसे नारळ फोडले होते.

सूर्यभानाने हो म्हणायचं ठरवलंही होतं. चोर ठरणं सोपं होतं. पण तोंड उघडलं तेव्हा दुसरंच बाहेर आलं.

"दादा, म्या एकबी पान कोनाले देलं नाई," तो म्हणाला. "मी तितं निस्ता बसतो. हात उचलत नाई माहा. सकाळी डोये उघडले का वाटते, काहून उघडले. जेवन पोटात जाते, पन गोड लागत नाई. शकुन हासते तं मले हासू येत नाई. आंगानं मी धट्टाकट्टा हाओ. आतून मेलो हाओ. दोन सालं झाले, मेलो हाओ मी."

खरं सांगायचं तर सूर्यभानाला त्या घटकेला दोन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. छाती मोकळी झाली. लिंबाची सावली थंड आहे हे त्याला जाणवलं. आपण हे आधीच का नाही सांगितलं, असंही मनात येऊन गेलं. समोर सगळी त्याचीच माणसं होती, लहानपणापासूनची. ती आता काहीतरी म्हणतील, म्हणून तो एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागला.

महादेवरावाने पागोटं सारखं केलं. "काय म्हनला? मेला म्हनतं तू?"

"हाव, बाबा."

"अन तसाच वेलीत जात व्हता?"

तो प्रश्न पडला आणि बैठकीत कुजबुज झाली. सात सऱ्या वाळल्या त्याचं कारण आता सगळ्यांना कळलं, एक सरी कुजली त्याचंही. एकाने सांगितलं, मागच्या साली माझ्याही मळ्यात पानावर काळे ठिपके आले होते, तो आमच्या कुडाला टेकून उभा राहायचा. दुसऱ्याला आणखी काही आठवलं. सूर्यभान सांगत होता की तसं नाही, बोलण्यातला शब्द आहे तो, जीव आहे माझ्यात. मग आत्ता मेलो म्हणाला ते खोटं का, असं त्यांनी विचारलं. ते खोटं नव्हतं.

निवाडा झाला. सूर्यभान चोर नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं. पण त्याच्या तोंडून मरणाचं नाव निघालं आहे, तेव्हा त्याला सुतक. घरच्या बाकीच्यांना नाही, त्याला एकट्याला. किती दिवसांचं, यावर बराच वेळ गेला. मेलेल्याचं सुतक इतरांनी पाळायचं असतं, मेलेल्यानेच पाळायचं झालं तर तेरावं कुठून मोजायचं? शेवटी महादेवरावाने सांगितलं की ज्या दिवशी हा आपल्या तोंडाने चारचौघांत म्हणेल की मी जिता आहे, बरा आहे, त्या दिवशी आंघोळ करून, नारळ फोडून आत यावं. तोवर कुडाबाहेर. गोवर्धनाने भावाला मिठी मारली आणि रडला. भाऊ चोर नव्हता याचाच त्याला आनंद झाला होता. तिथे दुष्ट असा कोणी नव्हताच, तीच पंचाईत होती.

गोवर्धन आत गेला आणि सूर्यभान मोटेवर आला. वरकरणी एवढाच बदल. पण मळ्यात निदान हात सवयीने चालायचे. दहा गाठी होत नसल्या तरी दोन व्हायच्या, आणि त्या दोन गाठींवर दिवस निघायचा. वेलींत सावली असायची, ओल्या मातीचा वास असायचा, कोणी पाहत नसायचं. मोटेवर सगळं उघड्यावर. बैल मागे न्यायचे, पुढे न्यायचे, मागे न्यायचे. खाली विहिरीत पाण्याचा काळा गोल. त्याच्याकडे पाहू नये असं त्याने ठरवलं होतं. ते ठरवणं त्याला दर फेरीला नव्याने करावं लागे.

गाव त्याच्याशी वाईट वागलं नाही. फक्त लग्नाच्या मांडवात त्याच्या हातात अक्षता पडल्या नाहीत, वाटणाऱ्याची नजर चुकून पुढे गेली. न्हाव्याने हजामत करताना हसत विचारलं, मिशी ठेवू की काढू, मर्तिकाला तर काढतात. बाळंतिणीच्या दारावरून तो जाताना दार ओढून घेतलं जाई. मनकर्णाबाईने त्याला गुरुवारी एका बाबाकडे नेलं, अंगारा लावला, दंडात काळा दोरा बांधला. रोज सकाळी ती चूल सोडून येई आणि त्याच्या तोंडाकडे बघत विचारी, आज कसं वाटतं. तिला एकच शब्द हवा होता. तो म्हणे, तसंच. म्हातारी डोळे पुसत चुलीकडे जाई. गोवर्धन मधूनमधून सरकारी डॉक्टरचं नाव काढी आणि स्वतःच गप्प बसे. डॉक्टर नागपूरच्या पागलखान्यात धाडतो, असं त्याने बाजारात ऐकलं होतं. एकदा त्या वाटेने गेलेला माणूस परत आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

जमुना काही बोलत नसे. ती मळ्याबाहेरच्या छपरीत सासूबरोबर पानं निवडायची, शंभराची एक चवड लावायची, चवडी केळीच्या सोपटात बांधायची. नवऱ्याचं ताट वेगळं ठेवायला थोरल्या जावेने सांगितलं, तिने ठेवलं. आषाढाच्या सुरुवातीला एका दुपारी मात्र ती पाणवठ्यावरून रिकामी घागर घेऊन परतली आणि मोटेच्या धावेवर, बैलांच्या उतारावर, नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. पाणवठ्यावर बायकांनी तिला विचारलं होतं की नवरा मेला ना तुझा, मग कुंकू कुणाचं लावतेस. थट्टेनेच विचारलं होतं. सगळ्या हसल्या होत्या आणि तीही हसली होती.

"एक सबद बोला," जमुना म्हणाली. "म्हना का बरा हाओ. खोटं म्हना. देव काई म्हननार नाई."

"जिनगीत थेवढंच एक खरं बोललो वं मी," सूर्यभान म्हणाला.

तिने घागर उचलली. तिला आणखी काही विचारायचं होतं असं त्याला वाटलं, पण बैल थांबले होते आणि आतून गोवर्धन पाण्यासाठी हाक मारत होता. ती गेली. सूर्यभानाला त्या दिवशी स्वतःची फार चीड आली. सगळं जग एका शब्दावर सुखी होत होतं आणि तो शब्द त्याच्या तोंडातून निघत नव्हता.

चार दिवसांनी भुरभुर पाऊस पडत असताना महादेवराव एकटाच विहिरीवर आला. पाय धुवायचं निमित्त केलं. पाय धुऊन झाले तरी मोट ओतते त्या थारोळ्याच्या दगडावर बसून राहिला. इकडे तिकडे पाहिलं आणि सूर्यभानाला बैल थांबवायला सांगितलं.

"तुले वाटत असन का मीच एकटा," म्हातारा पाण्याकडे बघत म्हणाला. "माह्यंबी असंच हाये. चाळीस सालं झाले. रोज मळ्यात जातो, वेल बांधतो. हातात वेल हाये का सुतळी, मले समजत नाई."

सूर्यभान खालीच बसला. "मंग त्या दिवशी तुमी काहून तसे बोलले, बाबा?"

"तू सबाईसमोर बोलला. म्या हाव म्हनलं असतं तं मीबी बाहेर. अन मळ्याबाहेर मी एक दिस काढू शकत नाई. तू पाहूनच राहिला, कसं राह्यते थे."

सूर्यभानाला एकदम केवढी तरी आशा वाटली. आपल्यासारखा दुसरा माणूस जगात आहे, तोही गावातला सगळ्यांत मानाचा, हे ऐकूनच त्याला उभं राहावंसं वाटलं. तो भराभर बोलायला लागला. आपण दोघं मिळून सांगू, तुमचं कोणी खोटं म्हणणार नाही, दोघांना कोण बाहेर काढतो ते पाहू. कदाचित तिसराही कोणी निघेल.

महादेवराव उठला. "येडा झाला का," एवढंच म्हणाला आणि ओल्या पायांत वाहणा अडकवून पांदीच्या वाटेने चालू लागला. वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पारावर सूर्यभान समोर आला तेव्हा त्याने पागोटं कपाळावर ओढून घेतलं आणि शेजाऱ्याशी बैलाच्या खुरांची गोष्ट काढली. तिसऱ्या दिवशी लोक बोलू लागले की महादेवरावाला सूर्यभानाची सावली बाधली, म्हातारा जेवला नाही. मग सूर्यभान त्या वाटेनेच जायचा बंद झाला.

त्यानंतर त्याने वाट पाहणं सोडलं. माणूस सांगतो तेव्हा कोणीतरी ऐकेल म्हणून सांगतो. ज्याला कळत होतं तोच पाठ फिरवून गेला, तेव्हा सांगायला उरलं कोण? नागपंचमी आली. त्या दिवशी पान खुडत नाहीत. सगळे मळेवाले न्हाऊन धुऊन वेलीला लाह्या-दूध दाखवायला जमतात. कुडाच्या दाराशी गर्दी होती. सूर्यभान ओल्या धोतराने पुढे आला. महादेवरावाने विचारलं, कसा आहेस. विचारताना म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"बरा हाओ," सूर्यभान म्हणाला. "जित्ता हाओ."

"पुरता बरा?"

"पुरता बरा."

नारळ फुटला. गोवर्धनाने खोबऱ्याचा पहिला तुकडा भावाच्या तोंडात घातला. मनकर्णाबाईने दोन्ही हात त्याच्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. दुपारी लिंबाखाली जेवणं झाली, माणूस परत आला म्हणून वरणात तूपही पडलं. वेलीने काही खोटं ओळखलं नाही. पुढल्या महिन्यात पावसाने पान असं फुटलं की गोवर्धनाला टोपल्या कमी पडल्या. गाव म्हणालं, बघा, सुतक फिटलं.

सूर्यभान पुन्हा सऱ्यांतून फिरू लागला. बसायचं झालं तर आता तो कुडापासून लांबच्या सरीत बसे आणि कोणाची चाहूल लागली की उठून एखादी वेल हातात धरी. कोणी विचारलं की हसे. हसू कसं आणायचं हे त्याला आता जमलं होतं.

भाद्रपदातल्या एका सकाळी तो खुडलेल्या पानांची टोपली घेऊन छपरीत आला. मनकर्णाबाई पलीकडच्या टोकाला सोपटं चिरत होती, थोरली जाऊ तिच्याशी बोलत होती. जमुना अलीकडे एकटीच पानं निवडत होती. तिच्यासमोर चवड नव्हती. एक पान तिच्या हातात होतं आणि ती ते उलटंपालटं करत होती. किती वेळ करत होती कोणास ठाऊक. त्याने टोपली ठेवली तरी तिने वर पाहिलं नाही.

"अवो," ती हलक्या आवाजात म्हणाली, "मले आजकाल काईच वाटत नाई. सकाळी उठू वाटत नाई. तुमी त्या दिवशी बैठकीत बोलले व्हते म्हने, तसं."

सूर्यभान उभाच राहिला. पाणवठ्यावर ती बायकांबरोबर कशी हसली असेल ते त्याला आज दिसलं. तिला काय विचारायचं राहिलं होतं तेही कळलं. तिच्याजवळ बसावं, हात धरावा, सांगावं की माझंही अजून तसंच आहे, एक दिवसही फरक नाही. सगळं त्याच्या ओठांवर आलं. पण तसं म्हणायचं तर वेलीसमोर खोटं बोललो हे कबूल करायचं होतं. छपरी लहान होती. पलीकडे आईने चिरता चिरता हात थांबवला होता आणि ती इकडेच पाहत होती. त्याला कुडाबाहेरचं ऊन आठवलं, विहिरीतला तो काळा गोल आठवला. तो घाबरला. बायकोच्या दुःखाला नाही, आपण पुन्हा बाहेर पडू याला घाबरला. आणि हे त्याला स्वतःला त्याच क्षणी स्वच्छ कळलं.

"पानाईवर वलं फडकं टाक," तो म्हणाला. "सुकून राहिले थे."

जमुनेने थोडा वेळ वाट पाहिली. मग बादलीत फडकं बुडवलं, पिळलं, पानांवर पसरलं आणि चवड लावायला घेतली. त्यानंतर ती त्याच्याशी त्याबद्दल कधी बोलली नाही.